दोन पिकअप एकत्र लावले की आवाज डबड्यागत का होतो: पुन्हा पुन्हा येणारी फेजची तक्रार

गणपती महिन्यावर आले की माझ्या टेबलावर गिटारी जमायला लागतात. ऑर्केस्ट्रात वाजवणारे, कॉलेजच्या बँडमधली पोरं, मंडळाच्या कार्यक्रमासाठी घरात पडून असलेली गिटार बाहेर काढणारे, सगळे एकाच वेळी येतात. बहुतेकांचं काम जॅक घट्ट करण्याचं किंवा तारा बदलण्याचं असतं. पण दरवर्षी निदान एक गिटार अशी येते की तिची तक्रार मालकानं सांगायच्या आधी मला कळते. यंदा ती इथल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका पोराची होती. गिब्सनच्या लेस पॉलच्या घडणीची, दोन हमबकर पिकअपची: एक मानेजवळचा (नेकचा), एक तारा बांधलेल्या टोकाकडचा (ब्रिजचा). पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं हलणं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग; हमबकर म्हणजे दोन कॉइलचा पिकअप.

"दादा, ब्रिजचा एकटा लावला की झकास. नेकचा एकटा लावला की झकास. मधी स्विच आणला की पार डबड्यागत वाजतंय बघा. जाडी तार हाय का न्हाई तेच कळंना."

त्याआधी तीन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं टोनचा कपॅसिटर बदलला. दुसऱ्यानं स्विच नवा टाकला. तिसऱ्यानं व्हॉल्यूम-टोनचे चारही पॉट (फिरवायच्या बटणांखालचे भाग) बदलून सगळी वायरिंग नव्यानं केली, आणि ती केलीही सुबक होती. प्रत्येक वेळी गिटार घरी गेली, अँपला लागली आणि मधल्या पोझिशनला पुन्हा तोच किरटा, नाकातून आल्यासारखा आवाज. पोरगं आता पिकअपच विकायला निघालं होतं.

मी एकच प्रश्न विचारला. "यातला एक पिकअप नंतर बदललाय का?" बदलला होता. नेकचा, जुन्या बाजारातून घेतलेला.

तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचं मूळ इथंच असतं. प्रत्येक पिकअप आपापल्या जागी निर्दोष असतो, म्हणून तपासणारा पॉट, स्विच, कपॅसिटर यांच्याकडे वळतो. दोष दोघांच्या नात्यात असतो. एकाची फेज दुसऱ्याच्या उलट आहे आणि भाग कितीही बदलले तरी ते नातं तसंच राहतं.

'फेज' म्हटलं की आपल्याकडे लोकांना शेतातल्या मोटरची थ्री-फेज आठवते. तो अर्थ इथं नाही. इथं फेज म्हणजे तार हलल्यावर पिकअपमधून निघणाऱ्या सिग्नलची दिशा, अधिक की उणे. मला ही गोष्ट नीट समजली ती उद्यमनगरात, मोटर भरून देणाऱ्या एका काकांच्या दुकानात. माझ्याकडे तेव्हा एक जुना सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप होता. त्याच्या दोन वायरींपैकी सुरुवातीची कुठली आणि शेवटची कुठली हे विचारायला मी गेलो होतो. काकांनी पिकअप हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "कॉइल चांगली का जळकी ते मीटर सांगतंय. कुठल्या तोंडानं जोडलीस ते मीटरला कळत न्हाई, ते आपण खूण करून ठेवायचं." मोटरमध्ये एका कॉइलचं स्टार्ट आणि एंड उलट जोडलं गेलं, तर रेझिस्टन्स बरोबर दाखवतो, तार कुठंही तुटलेली नसते, तरी मोटर गुरगुरते, तापते आणि जोर धरत नाही, हे त्यांनी मला तिथंच समजावलं. पिकअपचं अगदी तसंच आहे.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या) सिंगल कॉइलमध्ये ते साधारण आठ हजार असतात, हमबकरच्या प्रत्येक कॉइलमध्ये पाच हजारांच्या आसपास. लोखंडी तार वर हलली की चुंबकाचं क्षेत्र बदलतं आणि कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. तार वर जाताना ते व्होल्टेज अधिक असेल की उणे, हे दोन गोष्टींवर ठरतं: वेढे कुठल्या दिशेनं घातलेत आणि चुंबकाचं कुठलं टोक तारेकडे आहे. दोन पिकअपांत यातली एकच गोष्ट उलट असेल, तर तार हलल्यावर एक 'वर' म्हणतो आणि दुसरा 'खाली'. दोन्ही एकत्र जोडले की ते एकमेकांना खोडतात.

पूर्ण खोडलं जात नाही, हे महत्त्वाचं. खर्जाचे सूर दोन्ही पिकअपांना जवळजवळ सारखेच ऐकू येतात, म्हणून तेच सगळ्यात जास्त खोडले जातात. वरचे बारीक हार्मोनिक्स मात्र तारेवर जागोजागी वेगवेगळे असतात. नेकपाशी जे जोरात आहे ते ब्रिजपाशी कदाचित नसेलच. त्यामुळे ते उरतात, आणि उरलेल्या त्या बारीक सुरांनाच आपण डबडं म्हणतो. साउंड लावणाऱ्याला हे पटकन पटतं, कारण दोन स्पीकरपैकी एकाच्या वायरी उलट लागल्या की बास कसा गायब होतो हे त्यानं मंडपात अनुभवलेलं असतं.

गिटार उघडण्याआधी कानानं खात्री करून घ्या. दोन वेगळे व्हॉल्यूम असतील तर मधल्या पोझिशनला दोन्ही पूर्ण उघडा, जाडी तार वाजवत राहा आणि एकाचा व्हॉल्यूम सावकाश कमी करा. नेहमीच्या गिटारीत आवाज थोडा कमी होतो. फेज उलटी असेल तर व्हॉल्यूम कमी करताना आवाज उलट भरत जातो, खर्ज परत येतो. खोडणारा मागे हटला म्हणून दुसरा ऐकू आला. मी त्या पोराला हे करून दाखवलं तेव्हा त्यानं गिटार माझ्या हातातून घेऊन चार वेळा स्वतः करून पाहिलं.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. स्ट्रॅटमध्ये ब्रिज आणि मधला, किंवा नेक आणि मधला असे पिकअप एकत्र लावल्यावर जो कुरकुरीत, टपोरा आवाज येतो त्याला बरेच जण 'आउट ऑफ फेज' म्हणतात. तो तसा नसतो. तिथं दोन्ही पिकअप फेजमध्येच असतात, फक्त पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी समांतर जोडलेले असतात. फेंडरनं १९७७ पर्यंत स्ट्रॅटला तीन पोझिशनचाच स्विच दिला होता. वाजवणारे तो दोन खाचांच्या मधोमध अडकवून हा आवाज काढायचे, म्हणून पुढे पाच पोझिशनचा स्विच आला. खरी उलटी फेज ओळखायची खूण म्हणजे आवाजाची पातळी. एकट्या पिकअपपेक्षा दोघांचा आवाज ठळकपणे बारीक झाला आणि जाडी तार पातळ तारेसारखी वाजायला लागली, तर फेजच बघा. नुसता गोड कुरकुरीतपणा असेल तर काही बिघडलेलं नाही. सोल्डर गन लांब ठेवा.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, फक्त त्याची रेंज हातानं २० किलोओहमवर लावता आली पाहिजे. आपोआप रेंज बदलणारा मीटर या कामात सारखा चळतो. गिटारच्या जॅकमध्ये नेहमीची केबल लावा, दुसऱ्या टोकाच्या प्लगच्या टोकाला लाल प्रोब आणि दांड्याला काळा प्रोब धरा. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे. गिटार उघडायची गरज नाही.

पहिल्यांदा नुसते आकडे लिहून घ्या. सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते सात किलोओहम दाखवतो, जुन्या पद्धतीचा हमबकर साडेसात ते साडेआठ, जास्त वेढ्यांचा त्याहून बराच वर. आता दोन्ही पिकअपची पोझिशन लावा. पॅरलल जोडणीत आकडा जवळजवळ निम्मा झाला पाहिजे. आठ आणि आठचे चार. निम्मा झाला नाही, एकट्याचाच आकडा दिसत राहिला, तर स्विच दोघांना जोडतच नाही आणि तुमची तक्रार वेगळी आहे. वायर हलवल्यावर आकडा नाचला तर सोल्डरचा डाग कच्चा आहे. आणि आकडा नेमका निम्मा येऊनही आवाज डबड्याचा असेल तर फेज उलटी. रेझिस्टन्सला फेज दिसत नाही, काका म्हणाले होते तसं.

पण मीटरला ती दाखवायला लावता येते, आणि ही युक्ती समजल्यावर मला फार आनंद झाला होता. एकच पिकअप निवडा, मीटर तसाच जोडलेला ठेवा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं पातं पिकअपच्या पोलवर (तारेखाली दिसणाऱ्या धातूच्या खुंटीवर) टेकवा, चुंबकानं ते धरून ठेवलं की आकडा स्थिर होऊ द्या. मग एका झटक्यात उचला. उचलताना कॉइलमध्ये क्षणभर व्होल्टेज तयार होतं आणि मीटरचा आकडा एकतर उडी मारून वर जातो किंवा खाली. चार-पाच वेळा करा, दर वेळी एकाच बाजूला गेला पाहिजे. मग स्विच दुसऱ्या पिकअपवर आणून तसंच करा. दोन्ही वर गेले किंवा दोन्ही खाली गेले तर फेज जुळलेली आहे. एक वर, एक खाली, म्हणजे चोर सापडला. त्या पोराच्या गिटारीत ब्रिजवर आकडा वर उडत होता, नेकवर खाली बसत होता.

तीन पिकअपच्या गिटारीत मीटर न लावताही बरंच कळतं. ब्रिज आणि मधला एवढीच जोडी पातळ वाजत असेल तर ब्रिजचा उलटा आहे. नेक आणि मधला एवढीच जोडी पातळ असेल तर नेकचा. दोन्ही जोड्या पातळ असतील तर दोन्हींत असलेला मधला. ब्रिजला हमबकर बसवून घेतलेल्या स्ट्रॅटमध्ये पहिला प्रकार फार दिसतो, कारण नवा पिकअप वेगळ्या कंपनीचा असतो आणि दोन वायरींपैकी कुठलीला 'हॉट' (सिग्नलची; दुसरी ती ग्राउंडची) म्हणायचं हे प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबानं ठरवते. जमलं तर जमलं.

दुरुस्तीकडे वळण्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या, जी बहुतेक जण ऐकत नाहीत: घरघर. सिंगल कॉइल असतील तर ट्यूबलाइटच्या चोकजवळ किंवा अँपच्या ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहा. आपल्या लाइटचा ५० हर्ट्झचा हम कॉइलमध्ये थेट हवेतून शिरतो, त्याला चुंबकाशी देणंघेणं नसतं. हम फक्त वेढ्यांच्या आणि जोडणीच्या दिशेवर ठरतो, तारेचा सूर मात्र दिशा आणि चुंबक दोन्हींवर. या फरकावरच हमबकर उभा आहे. गिब्सनमध्ये सेथ लव्हरनं १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्या मुळाशी हेच: दोन कॉइल उलट जोडणीचे आणि उलट चुंबकाचे. हम खोडला जातो, सूर जमा होतो. स्ट्रॅटच्या मधल्या पिकअपला पुढे हीच योजना लावली गेली.

म्हणून दोन सिंगल कॉइल एकत्र असताना आवाज पातळ आहे आणि हमही भरपूर आहे, असं आढळलं तर समजा की दोघांची चुंबकं एकमेकांच्या उलट आहेत. एकाच्या दोन वायरींची अदलाबदल केली की सूर भरेल आणि हमही जाईल. दुहेरी फायदा. पण आवाज पातळ आहे आणि हम मात्र गायब आहे, असं असेल तर दोघांची चुंबकं सारखी आहेत. तिथं वायरी बदलल्या तर सूर भरेल, पण हम परत येईल. कार्यक्रम मंडपात असतात, जवळ डिमर आणि जनरेटर असतो. अशा वेळी वायरींऐवजी एका पिकअपचं चुंबक उलटवणं जास्त चांगलं.

ते शक्य आहे का, हे पिकअप पालथा करून कळतं. स्वस्त पिकअपमध्ये खाली एक-दोन सपाट सिरॅमिक चुंबकं चिकटवलेली असतात आणि पोल नुसते लोखंडाचे असतात. ते चुंबक हळूच सोडवून, उलटं करून परत चिकटवता येतं. पोल स्वतःच चुंबकाचे असतील तर मात्र हात लावू नका. जुन्या पद्धतीत तार थेट त्या चुंबकांवरच गुंडाळलेली असते. पोल ढकलला की तार तुटते आणि मग मीटरवर काहीच येत नाही. असा एक पिकअप मी स्वतः तोडलेला आहे.

चुंबकाची दिशा बघायला शाळेतलं साधं होकायंत्र घ्या आणि ते वीतभर अंतरावरून सावकाश जवळ न्या. एकदम टेकवलं तर त्याची सुईच उलटी चुंबकित होऊ शकते. सुटे पिकअप हातात असतील तर होकायंत्रही नको. दोन सिंगल कॉइल समोरासमोर धरले आणि ते ओढले गेले तर चुंबकं उलट, ढकलले गेले तर सारखी.

वायरींची अदलाबदल ही सगळ्यात सोपी दुरुस्ती. दोन सुट्या वायरींचा पिकअप असेल तर हॉट तिथं ग्राउंड आणि ग्राउंड तिथं हॉट, एवढंच. दोघांपैकी कुठलाही एक उलटवला तरी चालतो, नातं जुळण्याशी मतलब. ज्याच्या वायरी सहज सुटतात तोच घ्या. रंगावर जाऊ नका, पांढरी म्हणजे हॉट हा नियम अनेक पिकअप पाळत नाहीत.

तीन ठिकाणी मात्र थांबून विचार करावा लागतो.

पहिलं ठिकाण टेलिकास्टरचा, म्हणजे फेंडरच्याच दुसऱ्या गिटारीचा, नेकचा पिकअप. त्यावरचं धातूचं झाकण एका छोट्या पट्टीनं किंवा वायरीनं पिकअपच्या ग्राउंड टोकाला जोडलेलं असतं. तुम्ही नुसत्या वायरी बदलल्या की झाकण हॉट होतं, आणि त्याला बोट लागलं की ढाँय आवाज. ती जोडणी तोडायची, झाकणाला वेगळी ग्राउंड वायर द्यायची, आणि मगच अदलाबदल.

दुसरं, एकच वायर आणि तिच्यावर विणलेली जाळी असलेला हमबकर. जाळी म्हणजेच ग्राउंड, आणि ती पिकअपच्या पत्र्याला जोडलेली. इथं अदलाबदल केली तर अख्खा पत्रा आणि जाळी हॉट होईल, गिटारमध्ये ती कुठंही टेकली की आवाज बंद. इथं चुंबकच फिरवावं लागतं.

तिसऱ्यात लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. चार वायरींचा हमबकर. यात दोन्ही कॉइलची दोन्ही टोकं बाहेर काढलेली असतात, शिवाय एक उघडी शील्डची तार. सिमोर डंकनमध्ये काळी हॉट, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी आणि पांढरी जोडायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. रंग तेच, अर्थ वेगळे. आता डिमार्झिओचा पिकअप कुणी डंकनच्या आकृतीप्रमाणे लावला तर काय होतं? काळी हॉटला, लाल-पांढरी एकत्र, हिरवी ग्राउंडला. दोन्ही कॉइल सिरीजमध्येच (एकापुढे एक जोडलेल्या) राहतात, मीटरवर आकडा तंतोतंत बरोबर येतो, पण एक कॉइल आतल्या आत उलटी बसते. मग सूर खोडला जातो आणि हम जमा होतो, म्हणजे हमबकरचं सगळं काम उलटं. असा पिकअप एकटा लावला तरी पातळ वाजतो आणि घरघरतो. मालकाला वाटतं, महागाचा घेऊन फसलो.

हेही स्क्रूड्रायव्हरनं पकडता येतं. एकाच हमबकरच्या स्क्रू असलेल्या रांगेवर आणि मग दुसऱ्या रांगेवर वेगवेगळं टेकवून उचला. दोन्ही रांगांनी आकडा एकाच बाजूला हलवला पाहिजे. विरुद्ध हलवला तर आतली जोडणी उलटी आहे. आणि चार वायरींच्या पिकअपची फेज दुसऱ्या पिकअपशी जुळवायची असेल तर हॉट आणि ग्राउंडला गेलेल्या दोन रंगीत वायरींचीच अदलाबदल करा. मधली जोडी तशीच, आणि उघडी तार कायम ग्राउंडलाच.

राजारामपुरीच्या गिटारीत दोन्ही पिकअप जाळीच्या वायरीचे निघाले, म्हणून मी नेकचं चुंबक फिरवलं. झाकण नव्हतं, ते बरं झालं. पिकअप पालथा करून खालचे चार स्क्रू सैल केले, पूर्ण काढले नाहीत, आणि बॉबिन (तार गुंडाळलेल्या चौकटी) किंचित वर येतील एवढी जागा केली. चुंबकाची सपाट पट्टी दोन्ही कॉइलच्या मधोमध, खालच्या बाजूला असते आणि तिचे ध्रुव टोकांना नसून लांबीच्या दोन कडांवर असतात. म्हणून काढण्याआधी स्क्रूच्या रांगेकडच्या लांब कडेवर मार्करनं खूण केली. परत सरकवताना ती खूण दुसऱ्या रांगेकडे आली पाहिजे. नुसतं 'पालथं केलं' यावर विसंबू नका. टोकावर टोक असं पालथं केलं तर कडा जिथल्या तिथंच राहतात आणि काहीच बदलत नाही. मेणात बुडवलेला पिकअप असेल तर चुंबक घट्ट बसलेलं असतं. लाकडी काडीनं हळूहळू ढकला, लोखंडी अवजारानं नको, ते निसटून कॉइलवर आपटतं.

बसवल्यावर पुन्हा स्क्रूड्रायव्हर. दोन्ही पिकअपवर आकडा वर उडाला. तेव्हाच तारा चढवल्या.

पावसाळ्याबद्दल एक सांगायचं आहे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर इतकी ओल असते की महिनाभर न वाजवलेल्या गिटारच्या स्विचचे पॉइंट काळे पडतात. तेव्हाही मधली पोझिशन बिघडते, पण ती कधी चालते, कधी खरखरते, स्विच चार वेळा पुढेमागे केला की सुधारते. फेजची तक्रार अशी येत-जात नाही, ती रोज सारखीच असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून फरक पडला तर फेजच्या मागे लागू नका. आणि हमबद्दल बोलतोच आहोत तर हेही मनापासून सांगतो: मंडपाच्या लाइटला अर्थिंग आहे का ते कार्यक्रमाआधी मंडपवाल्याला विचारा. गिटारच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. अँपचं अर्थिंग नसेल आणि ओठ माइकला लागला तर झटका बसतो. तारांची ग्राउंड वायर काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. अर्थिंगच दुरुस्त करून घ्या.

फेज जुळल्यावर जोडणीचे पर्याय उघडतात, आणि मला या कामातला हाच भाग जास्त आवडतो. दोन सिंगल कॉइल पॅरललऐवजी सिरीजमध्ये जोडले तर सहा आणि सहाचे बारा किलोओहम होतात, आवाज मोठा आणि भरदार येतो, वरची चमक थोडी झाकते. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानं वडिलांबरोबर १९६३ पासून घरी घडवलेल्या रेड स्पेशलमध्ये तिन्ही पिकअप सिरीजमध्ये आहेत आणि प्रत्येकाला चालू-बंदचा आणि फेजचा स्वतंत्र स्विच आहे. म्हणजे उलटी फेज त्यानं मुद्दाम हाताशी ठेवली. फ्लीटवुड मॅकचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये तर नेकच्या पिकअपचं चुंबकच उलटं होतं. जी गोष्ट दुरुस्तीला आली असती, तिच्यासाठी ती गिटार ओळखली गेली. पुढे ती गिटारवादक गॅरी मूरकडे होती, आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. ग्रीनच्या वाजवण्यात तो पोकळ आवाज रडवेला लागतो, आणि दोन व्हॉल्यूममध्ये किंचित फरक ठेवून तो हवा तेवढा भरता येतो.

हे सगळं मी पोराला सांगितलं. त्यानं अर्धा तास भरलेला आवाज वाजवला, खूश झाला, आणि मग म्हणाला, "दादा, त्यो जुना आवाज पण एका गाण्याला पायजे हुता. दोन्ही ठेवता येतंय काय?"

येतं, पण त्याच्या जाळीच्या वायरीवर लगेच नाही. आधी पिकअपची टेप सोडून कॉइलचं ग्राउंड टोक पत्र्यापासून वेगळं करायचं, जाळीच्या जागी दोन सुट्या वायरी आणि वेगळी शील्ड असलेली केबल घालायची, पत्रा आणि शील्ड ग्राउंडला. मग नेकच्या टोन पॉटच्या जागी सहा टोकांचा पुश-पुल पॉट. त्याच्या मधल्या दोन टोकांना पिकअपच्या दोन वायरी, वरच्या दोन टोकांना स्विचकडे जाणारा हॉट आणि ग्राउंड, आणि खालची दोन टोकं वरच्या दोन टोकांना तिरकी, फुलीसारखी जोडायची. पॉट दाबलेला असताना एक फेज, ओढल्यावर दुसरी. कॉइलच्या टोकाशी केसाएवढी तार असते, ते काम घाईत करायचं नाही. विसर्जन झालं की गिटार घेऊन ये म्हणून सांगितलंय. तोपर्यंत मागच्या झाकणाच्या आत मी मार्करनं लिहून ठेवलंय: नेकचं चुंबक फिरवलेलं आहे, स्क्रूड्रायव्हर उचलल्यावर दोन्ही पिकअप वर.